बापाला एक फोन

आमच्या गल्लीतली हेमांगी ब्लाउज शिवून नर्सिंग शिकत होती. आई वारली, बापानं दुसरा संसार थाटला आणि पुन्हा इकडे फिरकला नाही. फीला मदत मिळाली नाही तर कॉलेज सुटणार होतं, आणि कॉलेजच्या मदत कचेरीतले घोलपसाहेब तिला स्वतंत्र, म्हणजे स्वतःच्या कमाईवर शिकणारी, विद्यार्थिनी मानायलाच तयार नव्हते.

"बाप जिवंत आहे ना? मग लेक त्याच्याच जिवावर. त्याची सही आण."

"सही राहू द्या, साहेब. हा त्यांचा नंबर. तुम्हीच विचारा, तुमची मुलगी सध्या काय करते म्हणून."

साहेबांनी ऐटीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावून विचारलं.

"हेमा होय?" बाप म्हणाला. "तिचं लग्न झालं असेल की एव्हाना. मामानं दिली असेल कुठंतरी."

कचेरीत हशा पिकला. हेमांगी तेवढी हसली नाही.

"ज्यांच्या जिवावर मी जगते म्हणता, त्यांनी तर मला सासरी धाडून टाकलं," ती म्हणाली. "आता एक तर तो नवरा शोधून आणा, मी त्याची सही घेते. नाहीतर अर्जावर 'स्वतंत्र' लिहा."

नवरा काही साहेबांना सापडला नाही. त्यांनी पेन उघडलं.