तिरफळातलं काळं बी

रानात होती एक बुलबुल. तिचं नाव फुदी. घरट्यात तिचं पिल्लू. भुकेने करायचं, चीं चीं, चीं चीं.

फुदी गेली काटेरी झाडावर. झाडावर उरलं होतं एकच तिरफळ. फुदीने ते तोडलं, उडाली, आणि चोचीतून सुटलं. टप्प! गेलं दगडाच्या फटीत. चोच काही पोचेना.

फुदी गेली खेकड्याकडे. फुर्र फुर्र.
"खेकडेदादा, तिरफळ काढ ना.
तिरफळ निघेना, पिल्लू थांबेना."
"अंग सुकलंय माझं. आधी झऱ्याला वाहू दे."

फुदी गेली झऱ्याकडे. फुर्र फुर्र.
"झरेदादा, वाहा ना.
खेकडा भिजेना,
तिरफळ निघेना, पिल्लू थांबेना."
"पाला अडलाय वाटेत. आधी सोमीला पाला काढू दे."

सोमी राहायची कातकरी वाडीत. चुलीवर छोटं मडकं. मडक्यात माशांचं कालवण, रटरट रटरट.

फुदी गेली सोमीकडे. फुर्र फुर्र.
"सोमीबाय, पाला काढ ना.
झरा वाहेना, खेकडा भिजेना,
तिरफळ निघेना, पिल्लू थांबेना."
"कशी येऊ गं? कालवण शिजत आलं, घरात तिरफळ नाही. आधी तिरफळ दे."

आता आली का पंचाईत! तिरफळ तर फटीत. सोमीला दिलं, तर पिल्लू काय खाणार? लांबून आवाज आला, चीं... चीं... अगदी बारीक. फुदीला रडूच आलं.

"सोमीबाय, फटीतलं तिरफळ तूच घे. पण आतलं काळं बी माझ्या पिल्लाला देशील?"

सोमी हसली.
"बी तर आम्ही टाकूनच देतो, बाय. दाताखाली कचकच लागतं. कालवणाला नुसतं टरफल हवं. चल लवकर."

सोमीने पाला काढला. सर्र सर्र!
झरा वाहिला. खळ खळ!
खेकडा भिजला. डुबुक डुबुक!
खेकड्याने नांगी घातली, तिरफळ काढलं. खट्ट!
सोमीने तिरफळ फोडलं. टरफल ठेवलं मुठीत, बी दिलं फुदीच्या चोचीत.

फुदी निघाली घरट्याकडे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र.
घरटं गप्प. चीं नाही, चूं नाही. फुदी घाबरली.
पिल्लाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग उघडली एवढी मोठी चोच. बी गेलं आत. गुडुप!

तिकडे टरफल पडलं मडक्यात. वाडीभर वास सुटला, घमघम घमघम.

पिल्लाचं पोट भरलं, सोमीचं ताट भरलं, आणि गोष्टीची टोपली झाली रिकामी.