कुंकवाचा समुद्र आणि कुळथाचं पिठलं

पूर्वी शूर्पारक बंदरात वीरबाहू राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका आचाऱ्याच्या घरी जन्मला आणि मोठेपणी राजाच्या चुली सांभाळू लागला. तिसऱ्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या शिंपल्या, शिजवाव्यात तर त्यानंच, अशी त्याची ख्याती पार घाटावर गेली होती.

राजकन्येचं लग्न उभं राहिलं आणि नेमका समुद्र लाल झाला. लाल म्हणजे कसा, तर कुणी कुंकवाचे करंडेच उपडे केले असावेत. ‘समुद्रानं आपल्या पोरीला कुंकू धाडलं गं,’ म्हणत बायका त्याची ओटी भरायला धावल्या. राजाही हरखला. म्हणाला, “आचारीबाबा, याच पाण्यातल्या तिसऱ्या वाढा. व्याही त्यासाठी घाट उतरून आलेत. ते तृप्त झाले की हे सोन्याचं कडं तुमचं.”

टोपल्या आल्या. एका कावळ्यानं त्यातली शिंपली पळवून खाल्ली आणि ताडी प्यायल्यासारखा लटपटू लागला. बोधिसत्त्वानं त्याला उचलून सावलीत ठेवलं आणि तो राजाकडे गेला.

“महाराज, या पाण्यातलं काही पानात नको.”

“एका कावळ्यापायी? व्याही रुसले तर लग्न मोडेल. मग या नगरात तुम्हाला चूल नाही.”

कडं बोधिसत्त्वाच्या डोळ्यांपुढं चमकलं, नाही असं नाही. पण मांडवातली माणसं त्याहून जवळची. त्यानं टोपल्या खड्ड्यात पुरल्या आणि आमसूल घालून कुळथाचं पिठलं रटरटत ठेवलं.

पान पाहून व्याही चंडसेन उठलाच. “समुद्रावर बोलावून कुळीथ? आमच्याकडे हे बैलांना घालतात.”

राजाचं तोंड उतरलं. चंडसेन तरातरा किनाऱ्यावर गेला आणि तिसऱ्या भाजून खाऊ लागला. दोन-चार झाल्या असतील, तोच ओठांना मुंग्या आल्या. शिव्या द्यायला तो मांडवात परतला, तर जीभ हलेना. पाय थेट त्या कावळ्यासारखे लटपटू लागले. जो तो आपल्या पिठल्याकडे बघत राहिला.

चंडसेनाला आडवं केलं, आणि बोधिसत्त्व त्याच्या उशाशी बसला तो हललाच नाही. दुसऱ्या दिवशी चंडसेनाची जीभ सुटली आणि पहिलं वाक्य निघालं, “आचारीबाबा, कालचं पिठलं उरलंय का थोडं?”

लग्न लागलं. कावळाही उडून गेला. राजानं खाली मान घालून कडं पुढं केलं.

“हे मोडून कोळ्यांकडे तांदूळ धाडा, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाला. “पाणी निवळेपर्यंत त्यांनी काय खायचं?”

एवढं सांगून भगवान हसले. म्हणाले, “भिक्षूंनो, त्या जन्मीचा राजा म्हणजे आपला शिष्य आनंद. चंडसेन म्हणजे आपल्यातलाच भिक्षू लालुदायी, जो अजूनही आधी कुरकुरतो आणि मग दुसऱ्यांदा मागतो. आचारी मीच होतो. आपलं कडं गेलं तरी चालेल, पण पानावर बसलेल्याचं वाईट होऊ द्यायचं नाही, हीच मैत्रीपारमिता.”