हाकारणीचा घसा

फार पूर्वी खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एक हाकारीण राहत होती. हाकारीण म्हणजे हाक देणारी. ओहोटी लागली की गावातल्या बायका पाट्या घेऊन दूरवर चिखलात उतरत आणि तिसऱ्या नावाचे शिंपले वेचत. हाकारीण काठावरच्या उंच खडकावर बसून पाण्याकडे पाहत राही. भरती वळली की ती उभी राहून हाक देई, "फिरा गं, फिराऽऽ!" ती ऐकली की बायका असतील तिथून माघारी वळत.

तिसऱ्या चिखलात दडलेल्या असतात. त्या शोधायच्या तर कमरेत वाकून, नजर पायांशी ठेवून चालावे लागते. म्हणून काम करताना कुणीच समुद्राकडे पाहत नसे. लहान मुलींना पहिल्यांदा चिखलात नेताना त्यांच्या आया एवढेच सांगत, "डोळे खाली, कान वर."

हाकेचा मान ग्रामदेवी देते, असे गाव मानत असे. खडकावर एकच हाकारीण बसे. तिचा आवाज गेला, तर देवीने मान काढून घेतला असे समजून दुसरीला बसवत, आणि पहिलीला पुन्हा कधी बोलावत नसत. ही हाकारीण बारा वर्षे त्या खडकावर बसत होती. तिची हाक पलीकडच्या तीरावरही ऐकू जाई.

एका सकाळी भाकरीचा पहिलाच घास तिच्या घशात टोचला. तिने भाकरी कालवणात बुडवून मऊ केली, तरी गिळताना तिला डोळे मिटावे लागले. समोर तिची धाकटी जाऊ बसली होती.

"अक्का, घसा दुखतोय का?"

"भाकरी करपवलीस तू. म्हणून टोचतेय."

जाऊने भाकरी उलटून पाहिली. भाकरी करपलेली नव्हती.

त्या दिवशी हाक दिली तेव्हा आवाज मध्येच चिरकला. बायका परत आल्या आणि विहिरीवर पाय धुता धुता हसू लागल्या.

"अगंबाई, आज हाकेला सर्दी झाली वाटतं!"

"गूळ-सुंठ खा गं."

"माझ्या नवऱ्याचा घसा बसला होता ना, तेव्हा दहा दिवस घरात इतकी शांतता होती, की मी कुणाला औषध विचारलंच नाही!"

हाकारीणही हसली. पण हसतानाही तिला दुखले. दुपारी ती कुणाला न सांगता गावाबाहेर राहणाऱ्या वैदीणबाईकडे गेली.

वैदीणबाईने तिला उन्हाकडे तोंड करून बसवले, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली आणि नीट आत पाहिले. मग जबड्याखाली बोटे फिरवली. अंगाला हात लावून पाहिला.

"घसा लाल झालाय, सुजलाय. पण पांढरे ठिपके नाहीत, गाठी नाहीत, अंगात ताप नाही. घाबरू नकोस. थंड वाऱ्यात बसून रोज ओरडतेस, त्यात सर्दी. घसा दमलाय."

"मग औषध द्या."

"मिठाच्या कोमट पाण्यानं दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कर. गरम पेज पी. तिखट-तळकट नको. आणि पाच दिवस गप्प बस. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही ताण पडतो."

"पाच दिवस? आणि हाक?"

"हाक दुसरी कुणी देईल. गावाला ओरडून सांगणारी तू, आणि तुला गप्प बसायला सांगितलं तर घाम फुटला!" वैदीणबाई हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ताप आला, थुंकी गिळता येईनाशी झाली किंवा श्वासाला त्रास झाला, तर तशीच उठून ये. उद्या बघू म्हणू नकोस."

घरी येताना हाकारीण विचार करत होती. पाच दिवस जाऊ खडकावर बसेल. जात्यावर ओव्या म्हणताना तिचा आवाज किती मोकळा लागतो, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. सहाव्या दिवशी आपल्याला परत कोण बोलावणार? मान गेला तो गेलाच.

घरात दाढदुखीसाठी ठेवलेली अक्कलकऱ्याची मुळी होती. ती चघळली की जीभ आणि घसा बधिर होतो. हाकारणीने एक तुकडा तोंडात धरला. थोड्याच वेळात टोचणे थांबले. तिने पाणी पिऊन पाहिले, दुखले नाही. तिला वाटले, बरे झाले.

दुसऱ्या दिवशी मुळी चघळूनच ती खडकावर गेली आणि जोर लावून ओरडली. आवाज जाडाभरडा निघाला, पण निघाला. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त जोर लावावा लागला. मुळीचा अंमल उतरला की घशाची आग होई. मग ती आणखी एक तुकडा तोंडात टाकी. गुळण्या तिने एकदाही केल्या नाहीत.

"अक्का," जाऊ म्हणाली, "उद्या अमावास्या आहे. उधाणाचं पाणी लवकर चढतं. घसा बरा नसेल तर मी बसते. तुमच्या नावानंच बसते."

"खडकावर डोळा आहे तुझा, मला कळत नाही का? तू आपली पाटी घेऊन चिखलात जा."

जाऊने मान खाली घातली. अमावास्येच्या दिवशी ती पाटी घेऊन सगळ्यांबरोबर चिखलात उतरली.

त्या दिवशी ओहोटी फार दूरपर्यंत गेली होती, म्हणून बायकाही दूर गेल्या होत्या. सर्वांत पुढे एक म्हातारी होती. तिला कमी दिसे, पण पायाच्या अंगठ्याने ती तिसऱ्या बरोबर शोधी. हाकारणीला पाण्याची पांढरी रेघ वळलेली दिसली. ती उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.

नुसती हवा बाहेर आली.

तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. घसा दुखत नव्हता, पण आवाजही नव्हता. खाली साऱ्या बायका वाकलेल्या होत्या. तिने पदर काढून हलवला. कुणी वर पाहिले नाही. त्यांना कुणी वर पाहायला शिकवलेच नव्हते.

ती खडकावरून उतरली आणि चिखलात धावत सुटली. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. पहिली भेटली ती जाऊ. हाकारणीने तिचा खांदा धरून तिला समुद्राकडे वळवले. जाऊने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि सारे ओळखले. मग ती जिवाच्या आकांताने ओरडली, "फिरा गं, फिराऽऽ!"

बायका वळल्या. एकमेकींचे हात धरून, पाट्या टाकून, छातीभर पाण्यातून त्या काठाला लागल्या. काठावर आल्यावर त्यांनी एकमेकींना मोजले. म्हातारी आली नव्हती.

संध्याकाळी सारा गाव देवळापुढे जमला. हाकारीण खांबापाशी बसली होती. कुणीतरी म्हणाले, "वारा उलटा होता. वाऱ्यानं हाक नेली असेल. तिचा काय दोष?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिने नुसते गप्प राहायचे होते, आणि आता गप्प राहणे तिला अवघड नव्हते.

म्हातारीचा मुलगा तिच्यासमोर येऊन बसला. "ताई, वाऱ्यानं नेली का हाक?"

हाकारणीने मान हलवली. नाही. मग सुजलेल्या घशातून जेमतेम ऐकू येईल असे ती बोलली, "आवाज नव्हता. घसा चार दिवस दुखत होता. गप्प बसायला सांगितलं होतं. मी लपवलं."

"किती दिवस गप्प बसायचं होतं?"

"पाच."

"पाच दिवस," मुलगा म्हणाला. मग तो उठून घरी गेला.

हाकारणीला ताप भरला. वैदीणबाईने तिला महिनाभर औषध दिले. बोलण्यापुरता आवाज परत आला, हाकेचा आला नाही. बरी झाल्यावर ती देवळापुढे गेली आणि तिने गावाला विनवले, "यापुढे एकीला नको, तिघींना हाक शिकवा. आणि घसा दुखतो म्हणणारीचा मान काढून घेऊ नका, नाहीतर तीही लपवेल." गावाने ऐकले. हाक कुठून उचलायची, श्वास कुठे भरायचा, हे तिनेच त्या तिघींना शिकवले. त्यांत तिची जाऊ आणि शेजारीणही होती.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी जाऊ म्हणाली, "अक्का, गिळताना टोचतंय."

"मग तू घरी बस. पेज ठेवते," हाकारीण म्हणाली, आणि शेजारणीला बोलवायला गेली.

त्या दिवशी शेजारीण खडकावर बसली. जाऊ पाच दिवस गप्प राहिली, गुळण्या करत राहिली, आणि सहाव्या दिवशी पुन्हा खडकावर गेली. गावात कुणाला त्यात काही विशेष वाटले नाही.

तात्पर्य: वेदना दाबली म्हणजे दुखणे बरे होत नाही, दुखते तेव्हा वेळेवर सांगावे, आणि सांगणाऱ्याला कमी लेखू नये.