दस्तगीरचाचांचे कान

"बहिऱ्या माणसानं तंबोऱ्यांचा कारखाना चालवायचा कसा? तेवढं सांगा, मी निघतो."

आपल्या जुन्या उस्तादांच्या खोलीत बसून सिद्राम ओरडूनच बोलला. दस्तगीरचाचांशी आख्खी गल्ली ओरडूनच बोलायची, तीस वर्षं झाली. चाचा बहिरे, ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"कोण बहिरा?" चाचांनी विचारलं.

"मी."

...

सिद्राम पांचाळ असल्या कबुल्या देणारा माणूस नव्हे. मिरजेत आपल्यासारखी जवारी लावणारा दुसरा नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. तंबोऱ्याच्या तारांखाली हाडाची घोडी असते. ती कानशीनं केसभर घासली की तार गुंजायला लागते, त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. केसभर जास्त घासली, की घोडी गेली कामातून.

सिद्रामच्या हाताखाली सहा कारागीर. भोपळा कापणं, दांडी जोडणं, रंग, सगळं तेच करायचे. घोडीला कानस लावायची वेळ आली की सिद्राम म्हणायचा, "सरक. आण इकडे."

अठरा वर्षं हेच. सरक, आण इकडे.

आता त्याचा डावा कान गेला होता आणि उजवा निघाला होता. डॉक्टरांनी कानात यंत्र घातलं. त्यातून माणसाचं बोलणं कळायचं, पण तारेचं गुंजणं म्हणजे नुसती खरखर. कारखान्यात अकरा तंबोरे भिंतीला उभे होते, मुके. एकाचीही जवारी लागलेली नव्हती, आणि लावणारा कोणी नव्हता. आणखी महिन्या-दोन महिन्यांत कुलूप घालावं लागणार, हे त्याला दिसत होतं. रात्री झोप लागत नव्हती.

"तुम्ही बहिरे," तो म्हणाला, "तरी तुमच्या हाताखालून नऊ जण तयार होऊन बाहेर पडले. कसं जमवलंत? बोटांना कळतं का? दातांना? काहीतरी युक्ती असेलच की."

चाचांनी पानाचा डबा पुढं ओढला.

"मला तुम्ही काही शिकवलंच नाहीत. रागावू नका, पण खरं ते खरं. मी घोडी घासून आणायचो, विचारायचो, चाचा, बोलतोय का तंबोरा? तुम्ही म्हणायचात, मला कुठं ऐकू येतंय? तुला काय वाटतं?"

"मग?"

"मग काय! घासा, ऐका, परत घासा. सतरा घोड्या वाया घालवल्या मी. रडकुंडीला आलो होतो."

"घोड्या माझ्या होत्या," चाचा म्हणाले.

सिद्रामनं ते कानाआड केलं.

"माझी माणसं तसली नाहीत, चाचा. सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे करणार नाहीत. आणि आज बघा! मी दवाखान्यात गेलो, तेवढ्यात ईराप्पानं माझ्यामागं एका घोडीला कानस लावली. पन्नाशीला टेकलेला माणूस! अठरा वर्षं माझ्याकडे आहे, कधी हात लावला नाही. आता माझे कान गेल्यावर अक्कल पाजळतोय. लोकांसमोर चांगला सोलून काढला त्याला."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? तोच तंबोरा खांद्यावर घेऊन माझ्यामागून इथवर आला. आत ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलाय."

दारातून ईराप्पाची पाठ दिसत होती. सदरा खांद्यावर विरलेला. पाठ हलत नव्हती.

चाचांनी मान जराशी दाराकडे वळवली. बराच वेळ तशीच ठेवली.

"तुझा माणूस रडतोय."

"कशावरून?"

"ऐकू येतंय."

...

सिद्रामनं दाराकडे पाहिलं. मग चाचांकडे.

"तुम्हाला... ऐकू येतं?"

"पहिल्यापासून."

आता घ्या! ज्या युक्तीसाठी सगळा ताठा गिळून तो इथवर आला होता, ती युक्ती नव्हतीच. म्हाताऱ्याचे पाय धरावेत की गचांडी, त्याला समजेना.

"तीस वर्षं! आख्खी गल्ली तुमच्यापायी घसा फोडते!"

"फोडते खरी."

"चाचीला तरी माहीत होतं?"

"नाही. तिच्या पोटात काही राहायचं नाही." चाचा थांबले. "शेवटच्या दुखण्यात ती माझ्याजवळ बसून हळू बोलायची. मला ऐकू जात नाही असं समजून. बरंच बोलली..."

"आणि तुम्ही?"

"ऐकलं."

सिद्रामला एकदम दुसरंच काही आठवलं आणि त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"मी तुमचं काम सोडून निघालो, त्या दिवशी उंबऱ्यावर एक बोललो होतो."

"'थेरड्याकडून एक अक्षर शिकलो नाही, सगळं माझं मीच शिकलो.'"

"ऐकलं होतंत?"

"त्या दिवशी गल्लीला मी चहा पाजला."

सिद्रामची मान खाली गेली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली. आजवर त्याच्या उंबऱ्यावर असं कोणीच बोललं नव्हतं. बोलण्याजोगा एकही जण त्यानं तयार केला नव्हता.

मग हळूच त्यानं ईराप्पाचा तंबोरा मांडीवर ओढला. उजवा कान भोपळ्याला लावला आणि चारही तारा छेडल्या. कानात नुसती खरखर. परत छेडल्या. खरखरच.

चाचांनी डोळे मिटले होते. तारा थांबल्या तरी मिटलेलेच होते.

"चाचा," सिद्राम म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती. "पाया पडतो. मला काही कळत नाही. लागलीय का जवारी? घोडी राहिली की गेली? एवढंच सांगा. हो की नाही."

चाचांनी डोळे उघडले. तंबोऱ्याकडे पाहिलं, मग दारातल्या त्या पाठीकडे.

मग त्यांनी हाताचा पंजा कानामागं धरला आणि पुढं वाकले.

"आँ?"

"चाचा, आता तरी..."

"मला कुठं ऐकू येतंय? ईराप्पाला काय वाटतं?"