ओसरी भरल्यावर

मोठ्या दरडीनंतरचे तेविसावे वर्ष होते आणि भाद्रपदाचे आठ दिवस उरले होते. नदीकाठच्या त्या मुलखात पाण्यापासून सुरक्षित अशा जागा दोनच. एक टेकडीवरचे कोठार, दुसरी अर्ध्या दिवसाच्या वाटेवरची जांभळीची कपार. कपारीत नुसते दगड होते. कोठाराला दार होते, रखवाली होती, रीत होती. म्हणून सगळा मुलूख आपली बेगमी कोठारात ठेवी.

दारावर रावजी साळिंदर होता. एकोणीस वर्षे तो तिथे उभा होता. दारावरच्याने आत जायचे नाही आणि आतल्यांनी बाहेर यायचे नाही, अशी तिथली रीत. रावजीने ती कधी मोडली नाही. त्यामुळे कोठार त्याला माहीत होते ते उंबऱ्यापुरते. असे कोणी त्याच्या तोंडावर म्हटले असते, तर त्याचे सगळे काटे उभे राहिले असते.

उंबऱ्याच्या आत ओसरी. ओसरीला तीनशे कोनाडे, एका कोनाड्यात एक टोपली. खारी धावत यायच्या, दारातून टोपली घ्यायच्या, पहिल्या रिकाम्या कोनाड्यात ठेवायच्या आणि परत फिरायच्या. रावजीला दिसत होते ते एवढेच. ओसरीमागचा अंधार त्याने कधी विचारात घेतला नव्हता.

त्या दिवशी सकाळी खंड्या पक्षी वरच्या अंगाने उडत आला आणि दारासमोरच्या खुंटावर बसला.

"वरच्या डोहाचा काठ फुटला," तो म्हणाला. "दिवस मावळायला पाणी इथं."

बाजरी नुकती झोडून झाली होती. बेगमी अजून घराघरात होती. घटकाभरात सशांचे, मुंगसांचे, उंदरांचे गाडे टेकडीच्या चढाला लागले. चढ अरुंद, दोन्ही बाजूंना गुळगुळीत कातळ. एकामागे एकच गाडा चढायचा. साऱ्या मिळून सहाशे टोपल्या असतील.

रावजी दारात पाय रोवून उभा राहिला. टोपली आली, आत गेली. आली, गेली. खारींच्या शेपट्या नुसत्या लवत होत्या. पहिला प्रहर सरत आला आणि निम्मी रांग मोकळी झाली.

"आत काय वारा भरलाय का हो, कारभारी?" रिकामा गाडा घेऊन उतरणारा ससा म्हणाला.

"एकोणीस वर्षं असंच चालतं," रावजी म्हणाला.

एवढ्यात त्याला टेकडीखालून जाणारा एक गाडा दिसला. येसू उंदरीण आणि तिचे दोन दीर तो ओढत होते. येसूचा नवरा मागच्या थंडीत गेला होता. पाच पिल्ले गाड्यामागे चालत होती. गाड्यावर एक्केचाळीस टोपल्या, म्हणजे पिल्लांचा सगळा हिवाळा.

"येसूबाई!" रावजीने हाक मारली. "कुठं निघालात?"

"कपारीकडं, आबा. इथं रांग लांब आहे."

"रांग बघू नका, पाय बघा. पहिला प्रहर सरला नाही आणि निम्मं काम झालं. दुपारी सगळे जेवायला मोकळे."

येसू थांबली. तिने चढाकडे पाहिले, मग वाटेकडे. "आत्ता निघालो तर दुपार टळेपर्यंत कपारीला पोचतो. इथं थांबलो आणि नाही झालं, तर?"

"नाही झालं तर एक्केचाळीस टोपल्या माझ्या अंगावर. शब्द देतो."

थोरला दीर म्हणाला, "वहिनी, साळिंदराचा शब्द आहे. कोण मरायला जातं त्या दगडांत?"

गाडा वळला आणि रांगेच्या शेपटाला लागला.

दुसरा प्रहर लागला तसे काहीतरी बिघडले. टोपली दारात आली, पण घ्यायला खार नव्हती. रावजी वाट पाहत राहिला. मग एक खार आली, धावत नव्हे, चालत. तिच्यानंतर कितीतरी वेळाने दुसरी. शेवटी खारींची मुकादम भागी उंबऱ्याशी आली. तिच्या पंजांना ओला चिखल होता.

"आबा, ओसरी भरली."

"मग आत न्या."

"तेच चाललंय."

"मग सकाळचे पाय कुठं गेले?"

भागी उंबऱ्यावर टेकली. एकोणीस वर्षांत त्या दोघांचे एवढे बोलणे कधी झाले नव्हते.

"आबा, आतल्या खोल्या ओसरीसारख्या नाहीत. आत एका कोनाड्यात चार टोपल्या बसवायच्या असतात. थरावर थर, मधे पानं, मापात. एक टोपली ठेवायला ओसरीपेक्षा चौपट वेळ. आणि एरवी हे आम्ही निवांत करतो, दार बंद असताना. आज दार उघडं आहे. तुमचीही घ्यायची, ओसरीचीही हलवायची."

"आत कोनाडे रिकामे नाहीत का?"

"ढीग आहेत. खायला म्हणून ह्याने आपल्या दोन परत नेल्या, त्याने चार नेल्या. पण जुन्या भुशावर नवं धान्य ठेवलं की कीड लागते. आणि एकटा कोनाडा सारवता येत नाही. सारवायची तर अख्खी खोली. त्यातलं चांगलं धान्य उचलून दुसरीकडं न्यायचं, खोली सारवायची, वाळू द्यायची, मग भरायची. तयार खोल्या दोनच होत्या. त्या भरल्या."

"म्हणजे माझी एक टोपली आत घ्यायला…"

"तिच्या आधी आत आम्ही तीन उचलतो. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

ती उठून अंधारात गेली. रावजीने पहिल्यांदाच त्या अंधाराकडे नीट पाहिले. तो फार खोल होता.

तिसरा प्रहर तसाच गेला. चढावर गाड्याला गाडा भिडला होता. पुढे जागा नाही, मागे वळता येत नाही. लोक उन्हात उभे राहून दाराकडे पाहत होते आणि दारात रावजी होता.

"खारींची लग्नं लागली का हो आत?" एक मुंगूस ओरडले.

"अक्षता आम्हालाही द्या!"

रावजी वळला आणि अंधारात ओरडला, "भागे! पाय उचला! पाणी येतंय!"

आतून उत्तर आले, "आबा, ओरडून माती वाळत नाही."

थोड्या वेळाने आतला आवाजही मंदावला. खारींचे कान तापले की त्यांनी एकेक पाऊल मोजून टाकायचे, असा भागीचा हुकूम होता. तसे न केलेल्या खारी मागे एका वर्षी टोपलीसकट आडव्या झाल्या होत्या. आता त्या उभ्या राहून धापा टाकत होत्या, मग एक पाऊल, मग पुन्हा धापा. रावजीला ते दिसले आणि त्याने डोळे फिरवले.

त्याने एक पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला.

"या की," भागी आतून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एक ओझेवाला वाढला तर बरंच आहे. पण ठेवायचं कुठं, ते सांगा."

त्याने पाय मागे घेतला. त्याच्या अंगात ताकद होती, काटे होते, हुकूम होता. यातले काहीच इथे कामाचे नव्हते.

रांग सरकत होती, पण एखादे जनावर झोपेत कूस बदलते तशी. टेकडीखालची वाट आता ओली झाली होती. कपारीकडे जाणे संपले होते. येसूचा गाडा अजून पायथ्याशीच होता.

दिवस मावळायला पाणी आले. ते आवाज न करता आले, आधी गवतात, मग चाकांना. पुढच्या लोकांनी गाडे एकमेकांवर रेटले. त्यामुळे सगळ्यांना वीतभर जागा मिळाली आणि येसूला मिळाली नाही. तिने पिल्ले पुढच्या गाड्यावर फेकली. दिरांनी चार टोपल्या डोक्यावर घेतल्या, पाय घसरला, त्याही गेल्या. मग गाडा तरंगला. टोपल्यांची झाकणे उघडली आणि बाजरी पाण्यावर पसरली.

येसूने वर पाहिले. "आबा," ती म्हणाली, "दुपार झाली का हो?"

चढावर कोणी हसले नाही. रावजी दारात उभा होता. त्याच्यापाशी एक टोपली आली, ती घ्यायला खार नव्हती, आणि तो ती हातात धरून उभा राहिला.

पाणी तिथेच थांबले. बाकीच्यांच्या टोपल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकेक करून आत गेल्या. लोक आपापल्या घरातला गाळ काढायला गेले. जाताना रावजीला कोणी राम राम केला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने आत हाक मारली. कोणते धान्य कुठे ठेवले आहे, हे कोठारात एकट्या पिंगळ्याला ठाऊक असे. पिंगळा ओसरीच्या तुळईवर येऊन बसला.

"माझ्या वाट्याचं धान्य कुठं आहे?"

"परवापर्यंत तिसऱ्या खोलीत होतं. आता पाच खोल्यांत आहे. त्या धावपळीत तुझंही हललं."

"किती आहे?"

"त्रेचाळीस टोपल्या. एकोणीस वर्षांच्या."

"एक्केचाळीस बाहेर काढ."

पिंगळ्याने डोळे मिचकावले. "साळिंदरा, हिवाळा तुलाही आहे."

"मी किती म्हणालो?"

खारींनी दिवसाला पाच-सहा टोपल्या दारात आणून द्यायच्या, असे ठरले. त्याहून जास्त भागीने मान्य केले नाही आणि रावजीनेही वाद घातला नाही. गाडा नव्हता. रावजी एकेक टोपली दातांत कडी धरून टेकडी उतरे, गाळ तुडवत येसूच्या बिळापर्यंत जाई, ठेवी आणि परत येई. येसू आत असली तरी बाहेर येत नसे. पिल्ले दारातून पाहत.

ओझी वाहू लागल्याच्या आठव्या दिवशी तो शेवटची टोपली घेऊन कोठाराच्या दारातून निघाला, तेव्हा बाहेर नवी रांग होती. दूरच्या रानातले ससे होते, पूर न पाहिलेले. मधल्या दिवसांत खारींनी ओसरीतली टोपली न् टोपली आत नेऊन बसवली होती. तीनशेच्या तीनशे कोनाडे रिकामे होते आणि सारवलेली जमीन लख्ख दिसत होती. सशांनी टोपल्या पुढे केल्या. खारी धावत आल्या, घेऊन गेल्या, परत आल्या. डोळ्याचे पाते लवेपर्यंत वीस टोपल्या आत.

"अरे, हे कोठार आहे की वारा!" पुढचा ससा म्हणाला. तो रावजीकडे वळला. "कारभारी, मागून आमचं अख्खं रान येतंय. आठशे टोपल्या असतील. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

रावजीच्या दातांत टोपलीची कडी होती. त्याने सशाकडे पाहिले, ओसरीकडे पाहिले, आणि तो चढ उतरू लागला.

येसू बिळाच्या दारात उभी होती. त्याने एक्केचाळिसावी टोपली तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलून आत नेली.