उंबऱ्यावरचे धरणे

फार पूर्वी वेणुमती नगरीत राजा सुबाहूचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका स्वयंपाक्याच्या कुळात जन्मला होता. नाव सोमिल. पूर्णक नावाच्या श्रेष्ठीच्या चुलीपुढे त्याचे सारे तरुणपण गेले. त्या नगरीत रीत अशी, की स्वयंपाकी कामाला लागताना घरातले सोने मालकाकडे अनामत ठेवी. अन्नात काय पडेल याचा भरवसा कोणी द्यावा? सोमिलने बायकोच्या, रेवतीच्या, पाटल्या ठेवल्या होत्या.

केस पिकू लागले, तेव्हा नदीच्या उतारावर आपली खानावळ काढावी असे नवराबायकोच्या मनात आले. सोमिलने निरोप मागितला. पूर्णकाला ते फार लागले. त्याने सरत्या वर्षाचे वेतन अडवले, पाटल्याही अडवल्या. म्हणाला, "कामावर परत ये, मग बघू."

मग सोमिल त्याच्या उंबऱ्यावर धरणे धरून बसला. धरण्याचा नियम कडक. घेणेकरी उपाशी बसला, की देणेकऱ्यानेही घास घ्यायचा नाही. मात्र बसलेला आपण होऊन उठला, तर त्याचा हक्क तिथेच संपला.

रेवती येऊन एवढेच सांगून गेली, "उठू नका. माझ्या आईच्या पाटल्या आहेत त्या."

पूर्णक खाण्यातला माणूस. पहिल्याच दुपारी त्याच्या पोटात अशी गुरगुर उठली, की राजाच्या गजशाळेतले हत्ती तिला उत्तर देऊ लागले. हे मी थोडे कमी करूनच सांगतो आहे.

त्याने युक्ती काढली. नव्या आचाऱ्याला अंगणातच चूल मांडायला लावली. वासाने सोमिल विरघळेल, घास घेईल आणि धरणे मोडेल. कढी तापू लागली. सोमिलला राहवेना. बसल्या जागेवरून तो म्हणाला, "अहो आचारी, ढवळत राहा. फुटेल ती."

कढी फुटली.

"हा रोज असंच करतो," पूर्णक आतून म्हणाला. "तू काय घालायचास रे तिच्यात?"

"वेगळं काही नाही, धनी. जाळ कमी ठेवायचा आणि तिथून हलायचं नाही."

पूर्णक सरकत सरकत उंबऱ्याशी येऊन बसला. "आणि त्या ओल्या लाकडांवर भाजलेलं भरीत? तसं पुन्हा कधी जमलं नाही तुला."

"करपलं होतं ते, धनी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दोनदा मागून घेतलंत. काय बोलणार?"

उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, असे ते दोन उपाशी म्हातारे जुन्या पंगती आठवत बसले. कोणत्या लग्नात तूप कमी पडले, कोणत्या श्राद्धाला पाहुणे दुप्पट आले. बोलण्यात ऊन उतरले. मधेच सोमिल म्हणाला, "पाटल्या द्या, धनी."

"खानावळ काढू नकोस," पूर्णक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी असेच काही आठवून हसता हसता पूर्णकाचे डोळे फिरले आणि तो खांबाला टेकून घसरला. घरची माणसे धावली, पण धरणे बसलेल्या घरात त्याच्या तोंडात घास घालायला कोणी धजेना.

सोमिल उठला. ओळखीच्या स्वयंपाकघरात गेला, पातळ पेज केली, तीत तूप सोडले आणि मालकाचे डोके मांडीवर घेऊन ती भरवली. मग घरी गेला.

"पाटल्या?" रेवतीने विचारले.

"उठलो गं मी. त्यांना घेरी आली."

तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, "पेजेत मीठ नीट पडलं ना?"

सकाळी तिने दार उघडले, तर उंबऱ्यावर पूर्णक बसलेला. मांडीवर गाठोडे.

"हे काय, धनी?"

"धरणं. तुम्ही वेतन आणि पाटल्या घेतल्याशिवाय मी उठायचा नाही. आणि जरा लवकर घ्या, पोरी. भूक लागली आहे."

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पूर्णक म्हणजे तुमच्यातला तो, भिक्षेची वेळ झाली की ज्याचे ध्यान सर्वांआधी सुटते. रेवती म्हणजे विहारात रोज पेज पाठवणारी उपासिका. आणि उंबऱ्यावरून उठलेला सोमिल तो मीच."

आपला हक्क खरा असतानाही समोरच्याच्या भुकेसाठी उठता येणे, याला शास्त्यांनी करुणा म्हटले.