पठारावर काही नाही

“मग काल सभेत तोंडात काय धरलं होतं?”

“तंबाखू,” हैबतबाबा म्हणाले.

रोहिदासनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि तशीच सोडून दिली.

कॉलेज अर्ध्यावर टाकून तो या म्हाताऱ्याकडे औषधं शिकायला आला होता. शिकला काय, तर लाकडं फोडणं. गाय व्याली आणि तिची वार आतच अडकून राहिली, की आसपासच्या वाड्यांवरची माणसं बाबांकडे पळत यायची. बाबा एकटेच वरच्या पठारावर जायचे, मुठीत झाकून कसलासा कंद आणायचे आणि पाठमोरे बसून वाटायचे. गाय उठून चाऱ्याला लागायची. कंद कुठला, ते बाबांशिवाय कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

आणि तेच पठार आता खडीच्या खाणीला चाललं होतं.

कालच्या सभेत तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, “तिथं काय उगवतं?” सरपंच उठून म्हणाला, “कुसळं.” गेल्या दिवाळीत याच सरपंचाची गाय बाबांनी उठवली होती. बाकीची जाणती डोकी, जी दर आदिवासी दिनाला फेटे बांधून माइकवर ‘आपलं ज्ञान जपा’ म्हणून ओरडतात, तीही मुंड्या हलवत राहिली. बाबा भिंतीला टेकून गप्प.

सोमवारी खाणीचा ठराव पक्का व्हायचा होता.

“एक शब्द बोलला असतात तर...”

“नाव घेतलं की गुण जातो.”

“कोणी सांगितलं?”

“माझ्या गुरूनं.”

“त्यांना?”

“त्यांच्या गुरूनं.”

“म्हणजे गुण खरंच जातो का, ते एकानंही नाव घेऊन बघितलं नाही?”

...

“न्हाई,” बाबा म्हणाले.

“आणि खाण झाल्यावर गुण राहील?”

“न्हाई.”

“मग सांगा नाव. आत्ता सांगा. गुण जायचा तर माझ्या तोंडानं जाऊ दे, तुम्हाला पाप नको. सोमवारी मी उभा राहतो.”

बाबांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे मान वळवली.

“मला ठाव न्हाई.”

रोहिदास हसला. बाबा हसले नाहीत.

“माझ्या गुरूनं कधी घेतलं न्हाई. त्याच्या गुरूनं घेतलं न्हाई. मला कोण सांगनार, लेका?”

...

रोहिदासनं ओंडक्याला लाथ मारली. पिढ्यान्‌पिढ्या तोंडं शिवून बसली ही माणसं, आणि शिवलेल्या तोंडात काही नव्हतंच. अशांच्या पायाशी बसायला आपण हॉस्टेलची खोली सोडली!

“मग तुम्ही शिकलात तरी कसं?”

बाबांनी काठी उचलली आणि चालू लागले.

पठारावर ऊन नुसतं भाजत होतं. काळा कातळ, आणि त्यावर वाळलेली कुसळं. खाणवाल्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. रोहिदासनं चहूकडे नजर फिरवली. हिरवं पान औषधालाही नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, सरपंच खोटं नव्हता बोलला.

बाबा एका भेगेपाशी बसले.

“हात आन.”

त्यांनी त्याचा दंड धरला आणि हात कोपरापर्यंत भेगेतल्या मातीत खुपसला. कातडं सोलून निघालं.

“काय शोधू?”

...

खडे लागले. मुळ्या लागल्या. पुन्हा खडे. त्या तापलेल्या मातीत एकदम काहीतरी गार लागलं. गोल, केसाळ, अंगठ्याएवढं. त्याच्या शेजारी आणखी एक.

“हे?”

बाबांनी त्याचा दंड सोडला.

रोहिदास हात तसाच आत ठेवून बसून राहिला. मग त्याच्या डोक्यात सणक गेली.

“एवढंच होतं? एवढंच होतं तर पहिल्या दिवशी का नाही आणलंत मला इथं?”

“तू नाव मागत व्हतास.”

“मला अक्कल नव्हती. तुम्हाला तर होती ना?”

म्हाताऱ्याची मान खाली गेली ती रोहिदासनं पहिल्यांदा पाहिली. तरी तो थांबला नाही.

“आता सोमवारी काय सांगू मी साहेबांना? नाव नाही, पान नाही, वर दाखवायला काडी नाही. गार लागतं म्हणून सांगू? हसतील सगळे. का अख्ख्या गावाचे हात धरधरून एकेकाला इथं आणत बसू?”

...

फक्कीची रेघ त्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून पुढं गेली होती. बाबा तिच्याकडे बघत होते. मग काठी टेकून, गुडघ्यावर हात देत ते उठले.

“म्हाताऱ्यांना आधी आन,” ते म्हणाले. “त्यांना चढायला येळ लागतो.”